पगार किती, हातात किती, उरणार किती?
घर सोडून राहण्यापूर्वी करावयाचा हिशेब



गेल्या वर्षी जून महिन्यात एक पालक मला घरी भेटायला आल्या. वडगावात त्यांच्या घरी यंत्रमाग आहेत. मुलगी आपल्याच शाळेची. बी. कॉम. झाली आणि दोन वर्षे गावातच एका कर सल्लागाराच्या कचेरीत बारा हजारांवर काम करत होती. तिला पुण्याच्या एका कंपनीचे नेमणूकपत्र आले होते. बाईंनी ते पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "सर, वर्षाला तीन लाख म्हणतात. पुण्यात एवढ्यात भागतंय काय, तेवढं बघून सांगा की."

मी त्यांना म्हणालो, "आज काही सांगत नाही. उद्या मुलीला घेऊन या आणि एक कोरी वही आणा."

असे का म्हणालो, ते आधी सांगतो. १९८७ साली मी स्वतः पुण्याला नोकरीला गेलो. पगार नऊशे रुपये. एका वाड्यात कॉट बेसिसवर दीडशे रुपयांत जागा मिळाली आणि मला वाटले, साडेसातशे शिल्लक! खाणावळ, बस, कपडे, आजारपण, गावी जाण्याचे भाडे यांतले काहीच मी मांडले नव्हते. पहिला पगार महिना संपल्यावर मिळतो, हेसुद्धा ध्यानात घेतले नव्हते. वीस तारखेला खिसा रिकामा झाला. घरी पत्र टाकले, आठवड्यात वडिलांची मनीऑर्डर आली. ते पैसे कुठून आले, हे मला तीन वर्षांनी कळले. वडिलांनी आपली सायकल विकली होती आणि ते कामावर पायी जात होते. माझ्या न केलेल्या हिशेबाची किंमत दुसऱ्याने भरली. म्हणून हा लेख.

पत्रातला पगार आणि हातातला पगार

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही लिहिले: वर्षाला ३,००,००० म्हणजे महिन्याला २५,०००. मुलगी म्हणाली, "म्हणजे पंचवीस हजार हातात." तसे नसते. नेमणूकपत्रात 'सीटीसी' म्हणून जो आकडा असतो, तो कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च. त्यात कंपनी तुमच्या नावाने इतरत्र भरते ती रक्कमही धरलेली असते.

तिच्या पत्रात मूळ वेतन १२,५०० होते. भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के कर्मचाऱ्याकडून कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. कंपनीचा हिस्सा १,५०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६०० रुपये, दोन्ही त्या पंचवीस हजारांतच होती. ती वजा जाता २२,९०० उरले. त्यातून तिचा स्वतःचा निधीचा हिस्सा १,५०० गेला. हातात आले २१,४००.

आणखी दोन कपाती विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली व्यवसाय कर. महाराष्ट्रात दरमहा दहा हजारांवर वेतन असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंतच्या वेतनावर हा कर माफ आहे. म्हणून आपल्या मुलीचा तो वाचला. दुसरी कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांकडून २०१९ पासून पाऊण टक्का कापला जातो. ही कपात वाया जात नाही, तिच्या बदल्यात दवाखान्याची सोय मिळते. भविष्य निर्वाह निधीही तुमचाच पैसा असतो. फक्त घरभाडे द्यायला तो या महिन्यात उपयोगी पडत नाही, एवढेच.

तेव्हा पहिला नियम असा: कुठलाही हिशेब हातात येणाऱ्या रकमेवरून सुरू करायचा. नेमणुकीपूर्वी कंपनीला विचारावे की, सर्व कपात जाऊन खात्यावर किती जमा होतील? यात लाजण्यासारखे काही नाही.

महिन्याचे पान

दुसऱ्या पानावर खर्च मांडला. तिच्या दोन मैत्रिणी पुण्यात आधीपासून होत्या. त्यांच्याकडून खरे आकडे फोनवर विचारून घेतले. तिघींनी मिळून उपनगरात दोन खोल्या-स्वयंपाकघराची जागा घ्यायची, भाडे १८,०००, असे धरले.

भाड्याचा तिसरा हिस्सा: ६,०००
वीज, गॅस, इंटरनेट यांचा हिस्सा: ८००
दोन वेळचा डबा: ३,६००
सकाळचा चहा-नाश्ता, सुटीच्या दिवसाचे जेवण: १,२००
बस व रिक्षा: १,५००
मोबाइल: ३५०
साबण, धुणे, किरकोळ सामान: ८००
औषधपाणी व अडीअडचण: ७००
गावी येणे-जाणे: १,०००
कपडे, सणवार, लग्नाचा आहेर: ५००

बेरीज १६,४५०. शिल्लक ४,९५०.

शेवटच्या दोन ओळी बहुतेक जण विसरतात, कारण तो खर्च दरमहा होत नाही. पण बेळगावचा माणूस गणपतीला, दिवाळीला आणि गावच्या जत्रेला घरी येणारच. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरचे अंतर आणि सणासुदीला वाढणारे तिकिटाचे दर. अशा वर्षभराच्या खर्चाची बेरीज करून तिला बाराने भागावे आणि तेवढी रक्कम दरमहा बाजूला काढावी. ती काढली नाही, तर सणाचा महिना उसनवारीत जातो.

मग मी एक प्रश्न विचारला आणि मायलेकी दोघी गप्प झाल्या. "घरी किती पाठवायचे?" मागाच्या कर्जाचा हप्ता चालू होता आणि धाकटा भाऊ दहावीत होता. बाई जरा वेळाने म्हणाल्या, "तीन हजार तरी पाहिजेत, सर." मुलीने आतापर्यंत हा आकडा ऐकलाच नव्हता. तो कागदावर आला तेव्हा शिल्लक उरली १,९५०.

आणि तिला खरे तर एकटीची जागा हवी होती. तेही मांडून पाहिले. एका खोलीची स्वयंपाकघरासह जागा दहा हजार, वीज-गॅस-इंटरनेट पंधराशे. म्हणजे खर्च ४,७०० ने वाढला आणि शिल्लक उरली फक्त २५०, तीही घरी एक पैसा न पाठवता. पगार तोच, शहर तेच. एका निर्णयाने भागणारे न भागणारे झाले. हे मी तिला सांगितले नाही, वहीनेच सांगितले.

'तिसऱ्या हिश्श्या'चा नियम

पगाराच्या तिसाव्या टक्क्यापर्यंत घरभाडे चालते, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. तेथे सरकारी घरांतील गरीब कुटुंबांकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून अधिक भाडे घेऊ नये, असे १९६९ मध्ये ठरले आणि १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्के झाली. तेथून हा आकडा जगभर पसरला.

स्थूल अंदाजाला तो ठीक आहे. मात्र कमी पगाराला तो फसवतो. साठ हजार हातात येणाऱ्याने तीस टक्के म्हणजे अठरा हजार भाडे दिले, तर त्याच्याकडे बेचाळीस हजार उरतात. सोळा हजार मिळवणाऱ्याने तीस टक्के दिले, तर अकरा हजारांच्या आसपास उरतात. डब्यातली पोळी मात्र दोघांना एकाच भावाने मिळते. म्हणून आपल्यासारख्यांनी उलट्या टोकाने हिशेब करावा. आधी जेवण, प्रवास, औषध, घरी पाठवायचे पैसे आणि थोडी बचत हे सारे बाजूला काढावे. जे उरेल तेवढेच भाडे आपल्याला परवडते. एवढ्या भाड्यात जागा मिळत नसेल, तर जागेचा प्रकार बदलावा, जेवणाला कात्री लावू नये.

पहिल्या दिवशी लागणारी रक्कम

दरमहा भागत असले तरी जाण्याच्या दिवशी हातात रोख रक्कम लागते. येथेच पालकांचे दागिने गहाण पडतात. तिसऱ्या पानावर ती मांडली. दोन महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट म्हणजे ३६,०००, तिचा हिस्सा १२,०००. पहिल्या महिन्याचे भाडे ६,०००. दलाली एक महिन्याचे भाडे, तिचा हिस्सा ६,०००. करारनाम्याच्या खर्चाचा हिस्सा १,०००. गादी, बादली, भांडी ५,०००. पहिला पगार होईपर्यंतचा खर्च ९,०००. प्रवास व सामानाची ने-आण १,०००. एकूण ४०,०००.

तिच्याकडे आवर्ती ठेवीत २२,००० होते. अठरा हजार कमी पडत होते. बाईंनी नकळत हातातल्या पाटल्यांकडे पाहिले. मी म्हणालो, "थांबा. अजून एक पान शिल्लक आहे."

ते पान पेईंग गेस्टचे. तीन जणींच्या खोलीत दोन वेळच्या जेवणासह ९,५०० रुपये, डिपॉझिट एक महिन्याचे, दलाली नाही, भांडी नाहीत. डिपॉझिट ९,५००, पहिला महिना ९,५००, इतर खर्च ४,५५०, अंथरूण व सामान ३,०००, प्रवास १,०००. एकूण २७,५५०. महिन्याच्या खर्चात फार फरक नव्हता, पण सुरुवातीची रक्कम साडेबारा हजारांनी कमी झाली. आधी काही महिने असे राहून, शहर ओळखून, मग जागा घेणे शहाणपणाचे. नोकरदार महिलांसाठी 'सखी निवास' ही केंद्र सरकारची वसतिगृह योजना आहे. जागा मर्यादित असतात, तरी मुलींनी जाण्यापूर्वी चौकशी जरूर करावी.

घरबसल्या सराव

परीक्षेपूर्वी आपण सराव परीक्षा देतो. तशी येथेही द्यावी. मुलीने कंपनीला विनंती केली आणि रुजू होण्याची तारीख ऑगस्ट अखेरीची मिळवली. मधले दोन महिने तिने घरी राहूनच पुण्यासारखा हिशेब ठेवला. पगार झाला की सहा हजार रुपये त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्यांना हात लावायचा नाही, हे जणू पुण्याचे भाडे. उरलेल्यातून घरी द्यायचे ते द्यायचे आणि प्रत्येक खर्च रात्री वहीत उतरवायचा.

पहिल्या महिन्याच्या शेवटी तिला दिसले की, बाहेरचे खाणे आणि मोबाइलवरून मागवलेल्या वस्तू यांवर १,९०० रुपये गेले होते. "सर, मला वाटलं पाचशे असतील." दुसऱ्या महिन्यात ते सातशेवर आले. कोणी रागावले नाही, उपदेशही केला नाही. दोन महिन्यांत बारा हजार साठले. ठेवीचे बावीस आणि हे बारा मिळून चौतीस हजार झाले. २७,५५० जाऊन साडेसहा हजारांच्या आसपास हाताशी राहिले. पाटल्या हातातच राहिल्या.

ज्याला सरावाचे दोन महिनेसुद्धा भाड्याइतकी रक्कम बाजूला टाकता येत नाही, त्याने अजून जाऊ नये. अंगात कमीपणा आहे म्हणून नव्हे, गणित अजून जुळलेले नाही म्हणून.

करारनाम्यात काय पाहावे

भाडेकरार अकरा महिन्यांचा का असतो, असे मुले विचारतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे. ते टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा आणि मुदत कितीही असली तरी नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुद्रांक शुल्क मुदतीच्या एकूण भाड्यावर पाव टक्का (परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे दहा टक्के वार्षिक व्याज त्यात मिळवतात) आणि नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार रुपये. म्हणजे आपल्या उदाहरणात सरकारी खर्च पंधराशेच्या आसपास येतो. त्याहून फार मोठी रक्कम कोणी मागितली, तर ती कशाची, हे विचारावे.

सही करण्यापूर्वी चार गोष्टी वाचाव्यात. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि रंगकामाचे पैसे त्यातून कापणार का? किती महिन्यांच्या आत जागा सोडता येणार नाही? सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यायची? सोसायटीचा देखभाल खर्च भाड्यात धरला आहे का? जागेत शिरण्याच्या दिवशी भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवावेत. आणि मुदत संपल्यावर नवा करार न करता राहू नये, कारण त्या काळासाठी दुप्पट रक्कम मागण्याचा अधिकार कायद्याने मालकाला दिला आहे.

आपली बरीच मुले बेंगळुरूलाही जातात. तेथे कित्येक महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट मागण्याची जुनी पद्धत आहे. घरांसाठी दोन महिन्यांहून अधिक डिपॉझिट नको, असा नमुना कायदा केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवला, पण राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. तेव्हा तेथे जाणाऱ्याने पहिल्या दिवसाच्या रकमेचे पान अधिक काळजीने मांडावे.

गावातच वेगळे राहायचे असेल तर

हा प्रश्न फक्त परगावी जाणाऱ्यांचा नाही. शहापूरच्या जुन्या घरात दोन खोल्यांत सात माणसे राहतात. मुलाचे लग्न होते आणि नवे जोडपे अनगोळला भाड्याची खोली पाहू लागते. अशा वेळी घरात हिशेबाऐवजी रुसवेफुगवे सुरू होतात. वेगळी चूल मांडणे म्हणजे नाते तोडणे नव्हे, पण ते फुकटही नसते. एकत्र घरात भाडे नसते, सिलिंडर एकच असतो, आजी नातवाला सांभाळते, आजारपणात रात्री उठणारे कोणी असते. या साऱ्याची किंमत वहीत एका बाजूला लिहावी. दुसऱ्या बाजूला जागेची अडचण, अभ्यासाला नसलेला कोपरा, मनाची शांतता यांचीही नोंद करावी. त्यांना आकडा लावता येत नाही, पण म्हणून ती ओळ गाळू नये. दोन्ही बाजू मोठ्यांसमोर मांडल्या, तर मोठे समजून घेतात असा माझा अनुभव आहे.

पुढे काय झाले

मुलगी ऑगस्टअखेर पुण्याला गेली. जाण्यापूर्वी तिने आईला स्पष्ट सांगितले, "पहिले सहा महिने तीन हजार जमणार नाहीत. दोन पाठवीन आणि बाकीचे अडचणीसाठी ठेवीन." बाई नंतर मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आकडा आधीच कळला, म्हणून मनाला लागलं नाही, सर. नाहीतर दर महिन्याला वाटलं असतं, पोरगी विसरली." ऑक्टोबरात तिला ताप आला, आठ दिवस रजा पडली, थोडे पैसे कापले गेले. तेव्हा ते बाजूचे पैसे कामी आले. घरी मनीऑर्डर मागावी लागली नाही. मार्चपासून ती मैत्रिणींसोबत जागेत राहते आणि तीन हजार पाठवते. निदान तीन महिन्यांचा खर्च साठवण्याचे अजून बाकी आहे. तो होईपर्यंत नोकरी बदलायची नाही, असे तिने स्वतःच वहीत लिहिले आहे.

विश्वस्तांना एक विनंती

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी पुणे, कोल्हापूर, बेंगळुरू येथे आहेत. त्यांच्यापैकी कोण नव्या मुलांना जागेची खरी माहिती देऊ शकेल, याची एक यादी शाळेत असावी. शिवाय डिपॉझिटपुरती रक्कम बिनव्याजी देऊन हप्त्याने परत घेणारा छोटा निधी उभा राहिला, तर तोच पैसा दरवर्षी नव्या मुलाच्या उपयोगी पडेल. दानापेक्षा असा फिरता पैसा स्वाभिमानी घरांना अधिक आवडतो. संचालक मंडळाने विचार करावा.

नववी-दहावीसाठी गृहपाठ

एका मुलाला कोल्हापुरात नोकरी लागली. पगारपत्रकावर एकूण वेतन १८,०००, त्यांपैकी मूळ वेतन ९,०००. (१) भविष्य निर्वाह निधी, ईएसआय व व्यवसाय कर वजा करून हातात किती येतील? (२) जेवण, प्रवास व इतर खर्च ९,८००, घरी २,००० आणि बचत १,००० असेल, तर त्याला किती भाडे परवडेल? (३) तीस टक्क्यांच्या नियमाने किती येते? दोहोंत फरक का पडला, ते चार ओळींत लिहा.

पडताळ्यासाठी उत्तरे: १६,५८५, ३,७८५, सुमारे ४,९७५. चौथी गोष्ट, म्हणजे फरकाचे कारण, आई-वडिलांजवळ बसून लिहा. त्या निमित्ताने घराचे पानही एकदा मांडले जाईल. घराला महिना किती लागतो, हे ज्या मुलाला पंधराव्या वर्षी ठाऊक असते, त्याला पंचविसाव्या वर्षी कोणाची सायकल विकावी लागत नाही.